कोचची बाजू

आमचा केमाल तुम्हाला भेटला नसेल. तरुणपणी टर्कीत बास्केटबॉल खेळला, मग कोच झाला, मग पेपरात स्पोर्ट्सचं लिहायला लागला. आता नॉर्थ यॉर्कच्या कम्युनिटी सेंटरमध्ये आम्हा पाच रिटायर्ड मराठी मंडळींना कोच करतो, आणि इथल्या टर्किश साप्ताहिकात आमच्या मॅचची बातमीही तोच लिहितो.

पहिल्याच मॅचला आम्ही सपाटून हरलो. बास्केटपाशी पोचलो की मी बॉल देशपांड्यांकडे द्यायचो. "घ्या, तुम्ही टाका." ते म्हणायचे, "छे छे, आधी कुलकर्णी." तेवढ्यात समोरचे बॉल घेऊन पसार.

केमाल माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "छान खेळलात."

शुक्रवारी त्याने छापून आलेली बातमी आम्हाला इंग्लिशमध्ये वाचून दाखवली. "ताटलीतल्या शेवटच्या मिठाईसारखा बॉल नुसता फिरत राहिला, उचलायला कोणी तयार नव्हतं. या टीमला कोचने नक्की शिकवलं तरी काय?"

मी म्हटलं, "अरे, कोच तूच ना? मग निदान त्याची बाजू तरी छापायचीस."

"विचारलं होतं," केमाल पेपरची घडी घालत म्हणाला. "त्याने बोलायला नकार दिला."