पाटीच्या पलीकडची मुले

ठाण्याच्या शाळेत मिठागरावरची मुले वर्षभर धूळपाटीवरचे प्रत्येक अक्षर बिनचूक ओळखत. परीक्षेत डेपुटीसाहेबांनी पाटी पुढ्यात ठेवली, तेव्हा त्यांच्यापैकी एकालाही एक अक्षर ओळखता आले नाही. कळव्याच्या होडीची वाट पाहताना पंतोजी आणि मिठागरावरचा धाया बोलत होते.

“तुझ्या पोराचे, गोमाचे, नाव शाळेतून कमी केले. मिठागरात अक्षरे लागत नाहीत.”

“नाय लागत. म्हनूनच शालंत धाडला होता, मास्तर. घरी राखंत अक्षरा लिवतं. मना कलत नाय, पन हात अडत नाय त्याचा.”

“साहेबांपुढे तोंड उघडले नाही.”

“बामनांच्या पोरांना बरा आला.”

“ती माझ्या शेजारी बसतात.”

“आन् आमची?”

“समोर, पाटीच्या पलीकडे. शेजारी बसवली तर बाकीची उठून जातील.”

“येकदा जवल बसवून बगा.”

“ते माझ्या हातात नाही, धाया. उद्यापासून त्याला पाठवू नकोस.”

धूळपाटी जमिनीवर आडवी मांडलेली असे आणि तिच्यावरची अक्षरे नेहमी पंतोजींच्या बाजूने लिहिलेली असत. पलीकडून पाहणारी मुले प्रत्येक अक्षर वर्षभर उलटे शिकली होती. साहेबांनी ते सुलटे दाखवले.