मामाजी येऊन राहिले

"हॅलो?... हां जी, राइस मिल... केवळराम ही बोल रहा हूं. नैरोबी? दीजिए भैयाजी... हॅलो, शालीक? बोल गा. येते ऐकू. विहिरीतून बोलल्यावानी येते, पण येते."

केवळराम मिलचा मुनीम, शालीकचा आतेभाऊ. शालीक आफ्रिकेत रेल्वेच्या नोकरीवर. त्याचे वडील बकाराम, म्हणजे केवळरामचे मामाजी, जंगलखात्याचे पेन्शनर नाकेदार, गोरेगावच्या घराला कुलूप लावून गोंदियात देवकाबाईंच्या आश्रमात दाखल झालेले. या घडीला ते केवळरामसमोरच तांदळाच्या पोत्यावर बसले होते. पाठ फोनकडे, कानही फोनकडेच.

"हो, हो... भेटला ड्राफ्ट. देवकाबाईले देऊन टाकला... अरे ऐक ना गा, ड्राफ्टचं नाही, पेन्शनीचं बोलून राहिलो. परत गेली... प-र-त... काऊन म्हणजे? मनिआर्डर जाते गोरेगावले. पोस्टमन पाहते, घराले कुलूप. लिहून टाकते, 'इसम मिळत नाही'. असं आणखी एक डाव झालं का सरकारच्या हिशेबी मामाजी मेले, न् पेन्शन बंद."

"... नाही मेले बापा. रडू नको. समोरच बसून आहेत. आताच माह्या वाट्याचा चहा पेले... अरे, पत्ता बदलाचा अर्ज द्याचा, खाली सही कराची, झालं. माणूस जिता आहे म्हणजे कोठंतरी राहते, असं सरकारचं म्हणणं... सही करत नाहीत म्हणून तर तुले तार केली."

"... काऊन नाही करत? ऐक. पेन्शनीच्या हापिसातला बाबू आहे नवा, पुण्याकडचा. राज्य बदललं, आपला मुलुख मराठी राज्यात गेला, बाबू बदलले. मोठा अदबीचा माणूस, सोता आश्रमात आला. म्हणते, आजोबा, आपण सध्या कुठे राहता? मामाजीनं सांगितलं, मी इथं येऊन राहिलो... हास नको. बाबूनं लिहिलं, 'आश्रमात येऊन राहिले.' मामाजीनं वाचलं न् कलम खाली ठेवली. म्हणते, मी येऊन राहिलो म्हटलं, मी राहिलो कधी म्हटलं?"

"... हो ना गा. बाबूच्या पुण्यात येऊन राहिला म्हणजे बिस्तरा टाकला. आपल्या इकडं येऊन राहिला म्हणजे माणूस अजून वाटेवरच आहे... मीबी तेच म्हटलं. मामाजी, पोळा होऊन गेला, दिवाळी आली, तुम्ही अजून येऊनच राहिले का? तर म्हणते, हो. नाकेदार जंगलात जाते तठी मुक्काम करते, राहत नाही... बाबूले इचारलं मी. अर्जात मुक्कामाचा रकाना नाही. दुसरा अर्ज देल्ला त्यानं, 'राहणार गोंदिया' लिहून, तो माह्यापाशीच पडून आहे."

"... काय? झोपेत अंगठा? कोणाचा, मामाजीचा? अरे, हा माणूस झोपेत कुर्‍हाडीचा आवाज ओळखाचा, न् कोणाची कुर्‍हाड तेही सांगाचा. तू तिकडून अक्कल नको पाठवू. ड्राफ्ट पाठवते तेवढं पुरे."

मग केवळरामनं आवाज खाली केला. त्यामुळं नैरोबीला ऐकू जाणं बंद झालं. मामाजींना मात्र शब्द न् शब्द गेला.

"खरं सांगू का?... हॅलो? येते ऐकू?... अरे, मोठ्यानं नाही बोलता येत... बरं, बोलतो मोठ्यानं. देवकाबाईले म्हणाले ते. म्हणे, मी गोंदियाचा झालो असं सरकारात लिहिल्या गेलं, तर शालीक आल्यावर कोणाच्या घरी उतरेल?"





"... काय? पुन्हा म्हण... तू? कधी?... थांब, थांब, त्याइले सांगतो. मामाजी, शालीक म्हणते, मी येऊन राहिलो."

मामाजी पोत्यावरच अर्धे वळले. नाक्यावर गाडी अडवून पास मागावा, तसं त्यांनी काहीतरी विचारलं.

"शालीक, मामाजी इचारते, आपल्या इकडचं येऊन राहिला, का बाबूकडचं?... हॅलो? शालीक?... हां जी?... कट गया? अरे भैयाजी, जवाब तो आने देते... फिर कब लगेगा?... अच्छा."

केवळरामनं क्षणभर फोनकडे पाहिलं. मग तो पुन्हा कानाला लावला. आयुष्यभर धान्याच्या व्यापारात राहूनही त्याला खोटं बोलणं कधी नीट जमलं नव्हतं.

"हो, हो... आला ऐकू. आपल्या इकडचंच?... हो. निघूनच राहिला म्हण ना... सांगतो गा, सांगतो त्याइले."

मामाजी उठले. गादीपाशी आले.

"काय म्हणता, मामाजी?... हो. कटला... मघाच कटला... हो, मीच म्हटलं कट गया. मोठ्यानं म्हटलं, हो... कलम? आहे ना. ही घ्या. सही इथं खाली... मामाजी, ते काऊन खोडता? 'राहणार गोंदिया' बाबूनं लिहिलं आहे, सरकारी शाई आहे..."

मामाजींनी 'राहणार' खोडून 'मुक्काम' केलं. पुढं आपल्या मोडक्या अक्षरात एक ओळ टाकली, सही केली आणि कागद केवळरामकडे सरकवला. केवळरामनं फोन हातात धरूनच तो वाचला.

"मुक्काम गोंदिया. मुलगा येऊन राहिला... हो. राहू द्या. खोडू नका. बाबू समजेल त्याच्या हिशेबानं, आपण आपल्या."

आणि त्यानं फोन ठेवला.