बर्फ सरेपर्यंत

नाही, नाही, लेस्टर — असं गोड हसू नकोस, काचेवर वाफ धरतेय. काय म्हणालास, बर्फ सरेपर्यंत निकाल वर कळवू नको? का, तर गावाचे रस्ते मोकळे करणारा तू एकटा, आणि तुझा परवाना गेला तर म्हाताऱ्याकोताऱ्यांनी दवाखान्यात जायचं कसं? वा! काळजी बघा गावाची! — हो, ठाऊक आहे मला रीत. माझ्या आधी कोर्टातल्या या कारकुनी खुर्चीवर व्हर्ना होती, ती ठेवायची की बाजूला. दारू पिऊन गाडी हाकली म्हणून कोर्टानं दोषी ठरवलं, तरी राज्य पोलिसांना कळवायचं ते थंडी गेल्यावर. का? बर्फगाडीवरचा माणूस आपला! तुझंही तसंच ठेवलं तिनं, आणि त्याच थंडीत तू पुन्हा पिऊन टपालपेटीपाशी उभ्या माझ्या हेल्मीला — माझ्या पाठच्या बहिणीला — चिरडलंस. आणि पोलिसांच्या दप्तरी तू कोरा! पहिलाच गुन्हा म्हणे! थोडक्यात सुटलास. तिच्या दफनाचा रस्ता कोणी मोकळा केला होता, आठवतं? तूच.

या खुर्चीसाठी शाळेतली नोकरी सोडली मी. उगाच नाही. आज न्यायाधीशबाई आसनावरून उठायच्या आत कळवून मोकळी झाले — हेही, आणि व्हर्नानं दाबलेलं जुनंही. आता शिक्षा ठरेल ती दोन्ही समोर ठेवून. बर्फ तुरुंगाच्या खिडकीतून बघ! — रड. खुशाल रड. शुक्रवारी क्लबात मासे खाताना बरा खिदळत होतास! ब्रँडीचा चौथा ग्लास फुकटचा, तर कसा घटाघटा —

मला कसं ठाऊक? अरे, सगळ्या गावाला — बरं, मीच पाठवला! पाचवाही मीच. मग बाहेर गाडीत बसून राहिले, आणि तू चावी फिरवलीस तसा शेरीफला फोन लावला. घशात नव्हती ओतली कोणी! सुंभ जळाला तरी पीळ जात नाही तुझा, मला ठाऊकच होतं. असा काय बघतोस? तोंड उघड की!

काय? — परत बोल. — वाटेत कोणी असतं तर?

नव्हतं ना कोणी. शाळेचा सामना सुटला होता, पोरं चालत घरी — पण ती पलीकडच्या रस्त्यानं गेली. गेली ना! नव्हतं म्हणते ना कोणी!

सरक. सरक बाजूला, लेस्टर. — पुढे कोण आहे?