बी माझं, तंबाखू केरबाची

माझी जिंदगी सांगायची म्हणलं तर ती तंबाखूच्या बियापासनंच सांगावी लागंल, कारण त्येच्या आदीचं सगळं चारचौघांसारखंच हाय, अणदूरच्या शिवारात बापाची तुकडाभर जमीन, हीर निम्मी आमची निम्मी केरबाची, आन् अंगात गुमान मात्र सगळं माझं एकट्याचं. तर एका साली माझ्या डोक्यात आलं की इकतची तंबाखू कवर खायाची, आपुनच लावू. सासुरवाडीतनं बी आणलं. तंबाखूचं बी कसं असतंय काय सांगू तुम्हाला, मोहरी त्येच्यापुढं भोपळा. शिंकलं तरी उडून जाईल. म्हणून त्ये राखंत कालवून फेकायचं असतंय. सासऱ्यानं बजावून सांगितलं, जावईबापू, राख इसरू नका. म्या राख इसरलो न्हाय. बराबर टोपलंभर राख नेली, वाफ्यावर आदी राख टाकली, आन् मंग वरनं नुसतं बी फेकलं. वारं सुटलेलं व्हतं.

माझ्या वाफ्यात दोन-चार जागी डोक्याच्या केसावाणी दाट रोप आलं, बाकी सगळं टक्कल. आन् हिरीच्या पल्याड केरबाच्या कांद्याच्या वाफ्यात असं झकास, सुटसुटीत आलं की जसं कुणी चिमटीनं एकेक ठिवलंय.

केरबा म्हंजे आमचा बांधाशेजारी. माझ्याहून जरा ल्हान, मला शिवरामदादा म्हणायचा आन् माझ्या बायकूला, सोजरला, वैनी. गडी सरळ. आपून हून सांगाय आला, दादा, तुमचं बी माझ्या वाफ्यात आलंय, रोप काढून नेता का. तवा म्या काय म्हणावं? म्हणलं, ऱ्हाऊ दे रं, तुला तरी कुठं तंबाखू लावाय येतीय, कर हौस.

त्येनं हौस केली. रोप लावलं, शेंडं येळंवर खुडलं, बगलंतलं फुटवं रोजच्या रोज काढलं. माझ्या झाडांना मातूर फुलं आली, गुलाबी, गोजिरी, मला काय ती खुडवंनात. सोजर म्हणाली, अवं, फुलं ठिवली की पानात जीव ऱ्हात न्हाय, तुमी तंबाखू लावली का बाग? म्या म्हणलं, तुला काय कळतंय. काढणीला माझी पानं पापडावाणी पातळ आन् केरबाची हत्तीच्या कानावाणी. सोजर त्येच्या वावरात जाऊन आली आन् मला म्हणती, केरबाभाऊजींची पानं बगा जाऊन, चिकानं हाताला चिकटायलेत. बास. त्या दिसापासनं माझ्या पोटात जी कळ उठली ती अजून थांबली न्हाय बगा. बी माझं, तंबाखू केरबाची, आन् कवतिक माझ्या बायकूच्या तोंडात.

फुडं बाहत्तरचा दुष्काळ आला. हीर आटली, तंबाखूचं काय, ज्वारीचं चिपाड दिसंना. सगळं गाव सडकंच्या कामावर खडी फोडायला. आमी दोघं, केरबा, सगळे एकाच ढिगापाशी. दुपारची सुट्टी झाली की मान्सं भाकर नसली तरी तंबाखू हुडकायची. ज्याची चंची भरलेली त्यो राजा. केरबाकडं वाळल्या पानांची गठडी व्हती, त्येच्याभवती ही गर्दी. पर खरं सांगतो, माझी चंचीबी सोजर सकाळी भरून द्यायची, ती कधी रिकामी झाली न्हाय. आन् नवल असं की माझी तीच पापडावाणी तंबाखू दुष्काळात लई जोरदार लागाय लागली. एक चिमूट मळून व्हटात धरली की कानशिलं तापायची. लोक म्हणायचे, शिवरामा, कशी रं ही? म्या छाती काढून सांगायचो, तंबाखू मुरावी लागती बाबा, घाई करून चालत न्हाय. केरबा ऐकून खाली बघून हसायचा. मला वाटायचं, जळायलाय लेकाचा.

आन् तशात एक दिस म्या बघितलं. आमच्याकडं रिवाज असा की बाईनं परक्या बाप्याच्या हातातनं तंबाखू घ्यायची न्हाय. बायांना तर मिश्रीला लागायचीच, तव्यावर भाजून दाताला लावायला. मंग देणारानं ती दगडावर ठिवायची, तोंड फिरवायचं, आन् बाईनं उचलायची. तर केरबानं दगडावर जुडी ठिवली, तोंड फिरवलं, आन् उचलली कुणी? माझ्या सोजरनं! पदराखाली सारली आन् गप खडी फोडाय बसली. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तेच. बायकू माझी, बी माझं, दगड सरकारचा आन् पान केरबाचं! माझी येवढी मुरलेली तंबाखू घरात असताना हिला त्येची कशाला लागती? मिश्रीला येवढी मोठी जुडी? मला भाकर ग्वाड लागंना. सोजर हसली तरी वाटायचं, कुणाकडं बघून हसायलीय.

मंग एक दिस दुपारी भर लोकांत म्या इचारलंच. केरबा, माझ्या बायकूला तंबाखू द्यायचं तुला कारण काय? सगळ्यांचे हातोडे थांबले. मुकादम पाणी पीत व्हता, तसाच ऱ्हायला. सोजर तिकडं मान खाली घालून बसलेली. केरबानं एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा माझ्या चंचीकडं बघितलं, आन् म्हणाला, चुकलं दादा, आजपासनं देत न्हाय. येवढंच. मला वाटलं, जिंकलो. मिशीला पीळ देऊन घरी आलो. सोजरनं त्या दिशी भाकर माझ्याफुडं आदळली, म्या म्हणलं, निवंल, जाती कुठं.

त्येच्यानंतर आठवडा गेला नसंल. चंची सोडली, मळली, थाप मारली, व्हटात धरली, तर काय, नुसता पालापाचोळा! शेजारच्यानं चिमूट घेतली आन् थुकून टाकली, म्हणाला, शिवरामा, हिला काय झालं रं, मुरून मुरून मेली का? दोन दिसांत माझ्यापशी बसायला कुणी ऱ्हायलं न्हाय. घरी येऊन माळ्यावर चढलो, माझ्या तंबाखूचं पोतं काढलं. जशी काढणीला बांधली व्हती तशीच वरची गाठ, फकस्त पोतं एका बाजूनं आता आता उसवलेलं. आत बुरशी.

म्हंजे समदा दुष्काळ म्या केरबाची तंबाखू खाऊन, केरबाच्याच तोंडावर, माझी म्हणून मिरवत व्हतो! मागनं सोजरकडनंच कळलं, तिनं काढणीलाच त्येला जाऊन सांगितलं व्हतं, भाऊजी, बी आमचं हाय, वाटा द्यावा लागंल, आन् ह्यांना कळता कामा न्हाय. त्यो खुशाल देत व्हता. भर लोकांत म्या इज्जत काढली तरी त्येनं माझी झाकली. आता सांगा, असल्या माणसाचा राग तरी कसा करायचा? वाईट असता तर मला किती सोपं झालं असतं!

दुसऱ्या दिशी त्येच्या शेजारी जाऊन बसलो. आमच्यात माफी मागत न्हाईत, तंबाखू मागतेत. म्या हात फुडं केला. त्येनं सगळी चंचीच माझ्या मांडीवर ठिवली.

तवापासनं दोस्ती हाय, पर पोटातली कळ हायच. फुडं गावात दूध सोसायटी झाली, तर केरबाच्या म्हशीच्या दुधाला फॅट जास्त. चेअरमन कोण, तर केरबा, आन् त्येचं नाव सुचवणारा कोण, तर मीच. आता डागदरानं दोघांनाबी तंबाखू सोडाय सांगितली, तर त्येनं एका दिसात सोडली आन् म्या अजून सोडायलोय.

परवा मी आन् सोजर दोघंच ओट्यावर बसलो व्हतो, तवा तिला म्हणलं, आता म्हातारपणी तरी खरं सांग, तवा तू ह्यो उद्योग माझ्या इज्जतीपायी केलास का तुला त्येचीच तंबाखू आवडायची? तिनं मिश्रीचं बोट दातावरनं काढलं, चूळ भरली, आन् म्हणाली, त्येचीच आवडायची की. नवरा बदलता येत न्हाय, म्हणलं त्येच्या तोंडाला तरी चांगल्या तंबाखूचा वास यावा.