गुरुवारच्या आधी कात्री नाही

(आयोवातलं एक लहान कॉलेज, नोव्हेंबर १९०५. प्राचार्य क्रोवेल यांची खोली. मधोमध खुर्ची, खुर्चीमागे गावचा न्हावी गुस, समोर फुटबॉल संघाचा कर्णधार आंद्रेस.)

क्रोवेल : बस म्हटलं ना खुर्चीत. गुस, करा सुरुवात.

आंद्रेस : माफ करा सर, मी उभाच बरा.

गुस : उभ्या माणसाचे केस मी कापत नाही, सर. घोड्याचे कापतो.

क्रोवेल : तुम्ही मध्ये बोलू नका. आंद्रेस, हंगाम संपला. गुरुवारचा सामना होणार नाही, हे काल प्रार्थनेनंतर सगळ्यांसमोर सांगितलं मी. हंगाम संपला की केस कापायचे, हा तुम्हा पोरांचाच रिवाज ना? मग अडलंय कुठे?

आंद्रेस : गुरुवारच्या सामन्यावर. जूनपासून वाढवलेत हे केस. मैदानात डोकं आपटलं की हेच वाचवतात. शेवटचा सामना झाल्याशिवाय कात्री लावायची नाही, असं ठरलंय आमचं.

क्रोवेल : सहा सामने झाले. किती जिंकलात?

आंद्रेस : एकही नाही.

क्रोवेल : गुण किती?

आंद्रेस : शून्य. सगळ्या गावाला तोंडपाठ आहे, सर.

गुस : माझ्या दुकानात रोज त्यावरच हसणं चालतं. मीही हसलो, खोटं कशाला बोलू?

क्रोवेल : आणि गुरुवारच्या त्या कॉलेजनं गेल्या साली बासष्ट गुणांनी लोळवलं तुम्हाला. चेंडू काखेत मारून पळायचं आणि बाकीच्यांनी अंगावर कोसळायचं, याला काय खेळ म्हणायचं? यंदा तुमच्या संघातल्या ऑटोच्या खांद्याचं हाड मोडलं. त्याच्या आईला तार मी केली, तू नाही. यंदा या खेळापायी कुठल्या कुठल्या कॉलेजांतली पोरं जिवानिशी गेलीत. तसली तार करायची वेळ मला माझ्यावर येऊ द्यायची नाही.

आंद्रेस : कळतं मला, सर. ऑटो पडला तेव्हा त्याचं डोकं माझ्याच मांडीवर होतं. शुद्धीवर आल्या आल्या त्यानं काय विचारलं असेल? माझ्या जागी कोण उभा राहिला, म्हणे.

क्रोवेल : त्या कॉलेजच्या प्राचार्यांचं पत्र आलंय. सामना सोडून दिलात तर आम्हाला राग नाही, तुमच्या मुलांची दयाच येते, असं लिहितात. सभ्य माणूस आहे.

आंद्रेस : म्हणून तर खेळायचंय. सहादा हरलो, पण सामना संपायच्या आधी आमच्यातला एकही आपल्या पायांनी मैदान सोडून आला नाही. ऑटोला उचलून आणावं लागलं. हरणं गिळलं, सर. ही दया नाही गिळवत.

क्रोवेल : मग नीट ऐक. कॉलेजच्या नावानं तुम्हाला खेळता येणार नाही. आणि गुरुवारी जो मैदानात दिसेल, त्यानं सोमवारी वर्गात पाऊल टाकायचं नाही. तुझी पदवी सहा महिन्यांवर आलीय. शेत सोडून शिकायला आलेला घरातला पहिला मुलगा तू.

आंद्रेस : आईनं सगळ्या शेजाऱ्यांना सांगून ठेवलंय, जूनमध्ये पदवी म्हणून. गुसकाका, कात्री द्या जरा.

गुस : स्वतःच कापणार? वेडेवाकडे होतील रे.

क्रोवेल : शहाणा आहेस. अरे, हे काय? स्वेटर का काढतोस?

आंद्रेस : छातीवरचं कॉलेजच्या नावाचं अक्षर उसवतोय. कॉलेजचं आहे, कॉलेजला परत. आईनं पक्के टाके घातलेत, जरा वेळ लागेल.

गुस : टोकानं उचल. हं, अस्सं. लोकर कापू नकोस, गुरुवारी थंडी असणार.

क्रोवेल : आंद्रेस, विचार कर. एकटा जाऊन काय करणार तू तिथे?

आंद्रेस : हे घ्या. धुतलं होतं, पण माती निघाली नाही. येतो, सर.

क्रोवेल : जाऊ दे त्याला. गुस, तुमचंही सामान आवरा.

गुस : आवरतो. कात्री तेवढी टेबलावर असू द्या, सर. बाहेर आणखी दहा जण रांगेत उभे आहेत, स्वेटर हातात घेऊन. शेवटी ऑटो आहे. त्याचा हात गळ्यात बांधलाय, त्याचं मी उसवून देईन.