पाठीवरचा माणूस

धनश्री : आधी मला सांग, बाबा मेजर कधी झाले?

वैभव : झाले नसतील. पण होण्यासारखे होते ना वं.

धनश्री : तुझे मोठे काका असले तरी हवालदारच होते ते. हवालदार म्हणून फौजेतून रिटायर झाले. आई अजून कोणालाही सांगताना आवाज चढवून सांगते, हवालदार ईश्वरदास. आणि तू नेटवरच्या ज्ञानकोशातल्या त्यांच्या पानावर मेजर लिहून मोकळा झालास.

वैभव : बरं, हवालदार कर. उद्या मोठेबाबांचं वर्षश्राद्ध हाये. चौकात फ्लेक्स लावाचा हाये. फ्लेक्सवाला मशीन चालू करून बसला, आन् तू इथं कोर्ट काहून भरवून राहिली?

धनश्री : कारण त्या साइटवाल्यांनी पानावर पट्टी लावली आहे. पुरावे द्या, नाही तर पान काढतो. हा रणगाड्याजवळचा फोटो कुठून आणलास?

वैभव : नेटवरून. पाठमोरा फौजी हाये, कोण ओळखते?

धनश्री : मागे बर्फ आहे, वैभव. बाबा इराकमध्ये होते.

वैभव : मार डिलीट.

धनश्री : शौर्यपदक?

वैभव : ते मोठ्याईच्या, तुह्या आईच्या, कपाटात पाहिलं मी. लाल फीत होती.

धनश्री : ते नोकरीची वर्षं पूर्ण केल्याचं आहे.

वैभव : तेही सोपं नसते. बरं, काट. पण मंग तो 'भाडोत्री सैनिक' शब्द पण काट. मी 'आंतरराष्ट्रीय योद्धा' लिहिलं होतं, कोण्या येड्यानं बदलवलं.

धनश्री : मीच बदललं. रिटायर झाल्यावर ते परदेशी कंपनीच्या पगारावर बंदूक घेऊन गेले. माझं इंजिनिअरिंग त्या पगारावर झालं. मी कोणत्या तोंडानं काढू तो शब्द?

वैभव : तू ना, बापाचीच पोरगी हाये. चाल, सारं काट. फक्त तो एक फोटो राहू दे. मोठेबाबा जखमी सोबत्याले पाठीवर घेऊन पळून राहिले, मागं ट्रक जळून राहिला. माह्या मोबाइलवर तोच हाये, फ्लेक्सवर तोच हाये.

धनश्री : त्याच्यासाठीच तुला बोलावलं. हळू बोल, आई आत आहे.

वैभव : काहून? तोही नेटवरचा का? तो तं घरात टांगला हाये लहानपणापासून.

धनश्री : फोटो खरा आहे. ज्यानं काढला त्या माणसाला मी मेल केली होती, काल उत्तर आलं. पळतो आहे तो एक नेपाळी. दिलबहादूर. त्याच कंपनीत होता.

वैभव : अन् मोठेबाबा?

धनश्री : पाठीवर.

वैभव : चाल हट.

धनश्री : पळणाऱ्याच्या तोंडाला गमछा बांधलेला आहे, नुसते डोळे दिसतात. आपण ठरवलं ते बाबा. पाठीवरच्याचं तर तोंडच दिसत नाही. आणि तू चेहरा मोठा दिसावा म्हणून फोटो कापलास. पूर्ण फोटोत खाली एक हात लोंबतो आहे. हे बघ, मोठा करून. करंगळी बघ.

वैभव : ...वाकडी हाये.

धनश्री : बाबांची करंगळी लहानपणी आजोबांच्या हातमागात सापडली होती. याच करंगळीला धरून मी शाळेत गेले, वैभव. आणि भिंतीवर एवढी वर्षं लटकली होती ती, मला ओळखू आली नाही.

वैभव : पण मोठेबाबांनी कधी सांगतलं काहून नाही?

धनश्री : कोणी त्या फोटोचा विषय काढला की उठून कूलरमध्ये पाणी टाकायला जायचे. आता कळलं का ते.

वैभव : मोठ्याईले सांगू नको. मी पाया पडतो तुह्या. ती दर दिवाळीले त्या फोटोले ओवाळते वं. नवरा म्हणून ओवाळते. एवढ्या वर्षानं तिले सांगशील, का ज्याले ओवाळलं तो दुसराच कोणी होता?

धनश्री : मग काय करू? खोटं छापू?

वैभव : उद्याच्या दिवस छाप. परवा खरं लिही.

(भागीरथाबाई चहाचे कप घेऊन बाहेर येतात.)

भागीरथा : घ्या. किती वेळची कुजबुज चालू हाये. कोणाचं लग्न जमवून राहिले का?

वैभव : नाई मोठ्याई, फ्लेक्सचं चालू हाये.

भागीरथा : मले बहिरी समजता का रे तुम्ही? वैभव, मी त्या फोटोले ओवाळते ते कधी ओवाळते? पाडव्याले का भाऊबीजेले?

वैभव : दिवाळीले.

भागीरथा : दिवाळी चार दिवसाची असते, बावा. धनू, तू सांग.

धनश्री : भाऊबीजेला. मला वाटायचं, पाडव्याला कामात राहून जातं म्हणून तू नंतर...

भागीरथा : पाडव्याले तुह्या बाबाले ओवाळत होती, पाटावर बसवून. नवरा समोर बसला असताना फोटोले कायले ओवाळीन मी? मले भाऊ नाही. माहेरी उमरेडले होती तवापासून भाऊबीजेले चंद्राले ओवाळत होती. हा फोटो घरात आला आन् चंद्राले सोडलं.

धनश्री : तुला माहीत होतं?

भागीरथा : त्यांनी घरात पाय ठेवल्या ठेवल्या पयले तेच सांगतलं. म्हणे, भागीरथे, मी चालून नाही आलो, मले आणलं. न सांगते तरी त्या हाताले मी ओळखत नाही का?

वैभव : मंग आमाले काहून नाही सांगतलं? मी साऱ्या मोहल्ल्यात सांगत फिरलो.

भागीरथा : त्यांच्यानं सांगणं होत नव्हतं. डोळे भरून येत. म्हणून मीच चूप राहिली. आता ते नाहीत, आता सांगतो आपण.

धनश्री : आई, पानावर भाडोत्री हा शब्द राहणार.

भागीरथा : राहू दे. पैशासाठीच गेले होते दोघंही. पण गोळ्या सुटल्यावर तुह्या बाबाले पाठीवर घ्याचे पैसे कोणी देत होतं का त्याले? मंग काहून घेतलं? तुहे बाबा तसे होते म्हणून घेतलं. उचलून आणावं असा माणूस होता माहा. मले तं त्याचीच शान वाटते, बाई. कोणी उचललं कोणाले, ते जाऊ दे.

धनश्री : फोटोग्राफरनं त्यांचा नंबर दिला आहे. दिलबहादूर नेपाळात पोखऱ्याला असतात.

भागीरथा : जिता हाये?

धनश्री : हो.

भागीरथा : यांचा मोबाइल हरपला, त्याच्यासंगं नंबर गेला होता. लय धुंडाळला यांनी, शेवटपर्यंत. ...दे, लावून दे मले. थांब, पयले चहा पिऊ दे.

वैभव : मोठ्याई, फ्लेक्सवाल्याचा फोन येऊन राहिला. काय सांगू?

भागीरथा : फोटो पूरा छाप म्हणा, कापू नको. आन् खाली आधी त्याचं नाव टाक, मंग यांचं.

वैभव : श्राद्ध मोठेबाबांचं, आन् नाव त्याचं आधी?

भागीरथा : तो नसता तं हे श्राद्ध धनू परकरात होती तवाच झालं असतं.

वैभव : ...हॅलो. हाव भाऊ, मीच. मेजर काट, हवालदार लिही. फोटो दुसरा पाठवतो, पूरावाला. खाली नावं दोन येतील. पयलं लिहून घे, दिलबहादूर. ...हाव, नेपाळचे. ...कोण लागते म्हणजे? मामा लागते आमचा.