मुखत्याराची सही

सोलापूरच्या नोंदणी कचेरीत दाराजवळच्या बाकावर म्हातारे गुरुजी आपल्या पाळीची वाट बघत बसले होते. पुढच्या बाकावर अक्कलकोटचे चन्नवीर आणि त्यांची विधवा भाची जगदेवी खालच्या आवाजात बोलत होते; त्यांचा शब्द न् शब्द गुरुजींच्या कानावर पडत होता.

“मामा, आप्पाच्या छातीत लई घरघर होती.”

“म्हणून तर दाजींनी मला मुखत्यार केलं की. माझ्या सहीनं घर तुझ्या नावावर चढंल.”

“आन् सहीच्या आदीच आप्पा गेला तर?”

“तर मुखत्यारी तिथंच संपली. माणूस गेल्यावर त्याच्या वतीनं सही चालत न्हाय.”

“मग सावत्र भाऊ मला उंबऱ्यात तरी उभं करतील व्हय?”

“शुभ बोल, पोरी. शेजारचा सिद्धाप्पा बसलाय दाजींच्या उशाशी. तसंच काही झालं तर त्यो धावत हितं येईल.”

“त्यो येऊ नये रे, देवा मल्लय्या!”

कारकुनानं पुकारलं, “मल्लप्पांचे मुखत्यार! पुढं या. मालक हयात आहेत ना?”

चन्नवीर उठले. जगदेवीनं दाराकडं पाहिलं आणि ती पटकन मामांच्या पाठीशी आडवी उभी राहिली.

“कोण आलं गं?”

“कुणी न्हाय. मागं बघू नका, मामा. सायबाला सांगा.”

“सकाळी निघालो तवा हयात होते, रावसाहेब.”

“करा सही.”

दारात एक तरुण धापा टाकत उभा होता. डोईला रुमाल नव्हता, डोळे लाल झाले होते.

“आजोबा, हितं अक्कलकोटचे चन्नवीर...”

गुरुजींनी त्याचा हात धरून त्याला शेजारी बसवलं.

“बस, बाळा. आधी पाणी पी. सावकाश पी.”